कॅसेटी कशात ठेवायच्या

आमच्या घरात कुठलाही निर्णय सरळ झालेला मला आठवत नाही. नवा पंखा चार पात्यांचा घ्यायचा की तीन, यावर आम्ही एक अख्खा उन्हाळा घामात काढला आहे. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाने एका रविवारी, मटणाचं जेवण झाल्यावर, "ताई, बाबांच्या व्हिडिओंचा फॉरमॅट आज फायनल करून टाकू" असं म्हटलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने आधी उशी ओढली आणि सोफ्यावर पाय लांब केले. त्याला अनुभव होता.

"एमपीफोर कर आणि संपव," तो डोळे मिटून म्हणाला.

"दाजी, एमपीफोर हा नुसता डबा आहे. डब्यात काय भरलंय ते महत्त्वाचं. त्याला कोडेक म्हणतात."

"मग डब्यात भर ना काय भरायचं ते."

"तेच तर ठरवायचंय! दाबून भरायचं की जसंच्या तसं."

भाऊ मालाडला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि राहतो कांजूरमार्गला, बाबांच्याच जुन्या घरात. आई माझ्याकडे असते, चारकोपला. म्हणून तो दर रविवारी लिंक रोडला शिव्या देत येतो, जेवतो आणि एखादा वाद उकरून परत जातो. त्याशिवाय आम्हालाही चैन पडत नाही.

आता या व्हिडिओंबद्दल सांगायला हवं. बाबा म्युनिसिपालटीच्या पाणी खात्यात पंपांवर फिटर होते. आमच्या इमारतीतल्या काही कुटुंबांनी मिळून एक हँडीकॅम घेतला होता. जयंतीची मिरवणूक, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, सगळ्यांना तो एकच. ज्याचं कार्य त्याने आपली कॅसेट आणायची आणि कॅमेरा सांभाळायचा बाबांनी, कारण वस्तू सांभाळावी तर त्यांनीच, यावर सगळ्या मजल्यांचं एकमत होतं. आमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक टीव्ही भंगारात गेला तरी निघालं नव्हतं. कॅमेरा ते आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवत आणि सहसा कुणाच्या हातात देत नसत. "द्या, मी घेतो शूटिंग," म्हणून स्वतःच उठत. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि तो कॅमेरा कुणालाच नको झाला. तो आमच्याकडेच राहिला, सोबत आमच्या घरच्या कॅसेटींनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

कॅमेरा कायम बाबांच्या हातात, म्हणजे बाबा एकाही चित्रात नाहीत. आणि भरीला भर म्हणजे कुठल्यातरी लग्नात एका शूटिंगवाल्याने त्यांना सांगितलं होतं की कॅमेरामनने तोंड उघडायचं नसतं, आवाज आत जातो. बाबांनी ते असं मनावर घेतलं की कॅमेरा डोळ्याला लावला की ते श्वाससुद्धा जपून घेत. "इकडे बघ", "हस जरा" हेही हाताने खुणा करून. माझ्या साखरपुड्यात सगळे पाहुणे कॅमेऱ्याकडे बघून गोंधळलेले दिसतात, ते त्या खुणांमुळे.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर आईच्या डोळ्यांचं सुरू झालं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत जातो, असा तो आजार. कडेचं थोडं दिसतं, मधलं जातं. म्हणजे समोर माणूस उभा आहे हे तिला कळतं, पण चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि सांगितलं की गेलेलं परत येणार नाही. आईने ते फार शांतपणे घेतलं. टीव्हीवरच्या मालिका ती आता ऐकते, आणि कोण खोटं बोलतंय हे आमच्या आधी ओळखते.

एकदा मेथी निवडताना, म्हणजे ती बोटांनी चाचपून निवडत असताना, ती मला म्हणाली, "चेहरा मला पाठ आहे ह्यांचा. पण आवाज आठवेना झालाय गं. कसा होता आवाज?"

मी सांगायला गेले, घोगरा. तर ती म्हणाली घोगरा नव्हे. मग मी बाबांसारखं बोलून दाखवलं. रविवारी भावाने दाखवलं. आई खूप हसली. मग हसणं थांबलं आणि ती तशीच बसून राहिली, मांडीवर मेथी घेऊन. मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं की मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन दोन कप घासले. बाबांकडे शेवटपर्यंत बटणांचाच फोन होता, त्यामुळे फोनमध्येही काही नव्हतं. राहता राहिल्या त्या कॅसेटी. कुठेतरी एखादं वाक्य चुकून तोंडातून निघालं असेल, एवढ्या आशेवर आम्ही तो बिस्किटांचा डबा उघडला.

कॅसेटींना बुरशी लागली होती. मुंबईत कशाला लागत नाही? भावाने कॅमेऱ्याची वायर मालाडच्या बाजारात शोधून काढली, कॉम्प्युटरला जोडली आणि एकेक कॅसेट लावून तो दुसऱ्या खोलीत आपलं काम करत बसायचा. शेवटच्या कॅसेटला कॅमेऱ्याने खर्रर्र आवाज केला, फीत गिळली आणि जीव सोडला. पण तोपर्यंत सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरलं होतं. म्हणजे आता कॅमेरा नाही, कॅसेटी निकामी, जे काही आहे ते त्या फायलींत. आणि त्या फायली अजस्र. भावाची डिस्क गळ्यापर्यंत भरली.

मग त्याने त्या दाबून छोट्या केल्या आणि आम्ही रविवारच्या दुपारी त्या टीव्हीवर बघायला लागलो. बघणार आम्ही तिघं. आईला आम्ही सांगायचं, काय दिसतंय ते. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. भाऊ अगदी कोरडं सांगतो, "बायका बसल्यात. एक उठली." माझ्यात जरा मसाला जास्त पडतो. नवरा क्रिकेटसारखं करतो, "आणि मावशींनी लाडू उचललेला आहे, मावशी इकडेतिकडे बघताहेत, आणि लाडू पिशवीत!" आईला त्याचंच आवडायचं.

"मी दिसते का?" ती विचारायची.

"दिसतेस की. निळी साडी."

"जाड दिसते का? खरं सांग."

"थोडीशी."

"ती साडीच तशी होती," आई म्हणायची.

एकेक करून सगळ्या फायली बघून झाल्या. मिरवणूक, ढोल, माझा साखरपुडा, भावाचा दहावीचा पेढा, गच्चीवर वाळत घातलेले पापड, त्यातल्या प्रत्येक पापडाचं जवळून दर्शन. बाबांचा आवाज कुठेच नाही. एका ठिकाणी खोकला आला, तर तो शेजारच्या काकांचा निघाला. पहिल्या पहिल्या रविवारी आई फाईल संपली की विचारायची, "आला का?" नंतर तिने विचारणं सोडलं. मला ते न विचारणं जास्त लागायचं.

तर या सगळ्यानंतरचा तो मटणाचा रविवार. भावाचं म्हणणं होतं, दाबलेल्या छोट्या फायली तयार आहेत, छान दिसतात, कुठल्याही फोनवर चालतात. त्या ठेवू आणि मूळच्या अजस्र फायली आजच उडवू. आई पलंगावर बसून सुपारी कातरत ऐकत होती.

"मूळच्या उडवायच्या नाहीत," मी म्हटलं.

"का पण? तेच आहे ताई आत. सेम टू सेम."

"सेम टू सेम असेल तर ती लहान कशी झाली?"

"दाबली म्हणून!"

"दाबली म्हणजे काहीतरी गेलं ना त्यातलं."

"जे डोळ्याला कळत नाही तेवढंच जातं, यार. नवीन कोडेक आहे, एकदम झकास."

मी विम्याच्या ऑफिसात आयुष्य काढलं आहे, अंधेरीला. आमच्याकडे माणूस स्वतः समोर उभा असला तरी आम्ही म्हणतो, ओरिजिनल आणा. झेरॉक्स कितीही सुंदर असो, तिच्यावर आम्ही सही करत नाही. तिकडची ही खोड घरीही माझ्याबरोबर येते. शिवाय नव्या गोष्टीवर माझा भरवसा नाही. आमच्या लग्नाची सीडी देताना त्या दुकानदाराने आयुष्यभर टिकेल असं सांगितलं होतं. तिच्यावरचा चंदेरी थर कांद्याच्या सालीसारखा सुटला.

"लग्न टिकलं ना," सोफ्यावरून आवाज आला.

"तू झोप रे."

"हे बघ," भाऊ आता समजावणीच्या सुरात आला. तो सूर मला मुळीच सहन होत नाही. "तुला मूळची एव्हीआय ठेवायची? उद्या ती वाचणारं सॉफ्टवेअर नसलं तर? मग एमकेव्हीमध्ये ठेवू, तो डबा सगळ्यांसाठी खुला आहे, आत न दाबता भरता येतं. पण मग जागा परत तेवढीच. कोणासाठी एवढं? कोण बघणार आहे?"

त्याने शेवटचं वाक्य म्हटलं आणि त्यालाच कसंतरी झालं. त्याने पलंगाकडे पाहिलं. आईचा अडकित्ता तसाच कटकट चालू होता.

"बरं, फरक दाखव," मी म्हटलं. "एकच कॅसेट तिन्ही प्रकारांत लाव. फरक दिसला तर मूळची ठेवायची, नाही दिसला तर उडव. मी पुन्हा बोलणार नाही."

"लिहून देतेस?"

"लाव तू."

त्याने एका जयंतीची कॅसेट निवडली. आधी दाबलेला एमपीफोर लावला. आमचं कांजूरमार्गचं घर, दाराला निळ्या पताका, टेबलावर तसबिरी आणि मेणबत्त्या, आई खिरीचं पातेलं घेऊन येते आणि कॅमेरा दिसल्यावर उगाच पदर सारखा करते. मग न दाबलेला एमकेव्ही लावला. तीच खीर, तोच पदर. मी टीव्हीच्या इतक्या जवळ गेले की नवरा म्हणाला, "आत जाऊ नकोस, तिथे जेवण संपलंय." मग मूळची अजस्र फाईल लावली. पुन्हा खीर, पुन्हा पदर. खरं सांगते, मला काडीचा फरक दिसला नाही.

"दाजी, तुम्हाला?"

"मला तर खीर दिसतेय. आहे का रे घरात?"

"आई?"

"मला तिन्ही सारखेच," आई म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. तीही हसली. मी हरले होते. भावाने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि उडवायच्या फायली निवडायला सुरुवात केली. टीव्हीवर खिरीचा प्रसंग संपला आणि पडदा काळा झाला. भावाने बंद करायला रिमोट उचलला.

"हं. झालं," टीव्ही म्हणाला.

आईच्या हातातला अडकित्ता थांबला.

"बंद करू नको," ती म्हणाली. "हात लावू नको कशाला."

काळ्या पडद्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी लोखंडावर ठेवल्याचा. आणि मग, अगदी सहज, खोलीत आत्ता बसून बोलावं तसं, बाबा म्हणाले, "तुझं डोकं कापलं गेलं बहुतेक. पातेल्यावर लक्ष राहिलं माझं."

लांबून आईचा तरुण आवाज आला, "राहू द्या. माझं डोकं बघून कुणाला काय करायचंय?"

आवाज घोगरा नव्हता. बारीक होता, जरा नाकातला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. इतकी वर्षं मी तो चुकीचा आठवत होते. मी नवऱ्याकडे बघितलं तर तो उठून ताठ बसला होता.

काय झालं होतं ते कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. चित्र घेऊन झालं की बाबा पहिलं काम करत ते लेन्सवर झाकण लावायचं. धूळ जायला नको. पण कॅमेरा बंद मात्र करत नसत, कारण पंपाची मोटर सारखी चालू-बंद केली की जळते हे त्यांनी नोकरीत शिकून ठेवलेलं होतं, आणि मशीन म्हटलं की सगळी एकाच जातीची असं त्यांचं मत होतं. झाकण लागलं म्हणजे काम थांबलं, असं ते धरून चालत. एका तासाची म्हणून आणलेली कॅसेट जेवणं व्हायच्या आत संपते कशी, म्हणून ते दुकानदाराशी भांडूनही आले होते. त्या काळी टीव्हीला जोडून बघताना काळं आलं की आम्ही पुढे पळवायचो. पुढे पळवताना आवाज येत नाही. आणि आता दाबून लहान करताना भावाच्या सॉफ्टवेअरने जिथे जिथे काळं दिसलं तिथे तिथे ते आपणहून कापून टाकलं होतं. रिकामी जागा म्हणून.

भाऊ लॅपटॉपकडे बघत होता. फायली निवडून झाल्या होत्या, फक्त एक बटण दाबायचं बाकी होतं. त्याने लॅपटॉप फार हळू मिटला आणि टेबलावर स्वतःपासून लांब सरकवला.

"उतरवताना मी आवाज ऐकलेच नाहीत गं," तो म्हणाला. "वाट लागली असती."

एरवी मी हा क्षण सोडला नसता. जिंकल्यावर मी निदान आठवडाभर बोलते. पण त्याचं तोंड बघून मी त्याच्या पाठीवर थापटलं आणि म्हटलं, "नाही लागली ना? मग झालं." फॉरमॅट त्याच वेळी ठरला. मूळच्या फायली जशा उतरल्या तशाच, न कापता, न दाबता. त्यांचीच एक प्रत त्या खुल्या डब्यात. एक डिस्क कांजूरला, एक चारकोपला. छोटे एमपीफोर करायचे तर करा, नातेवाइकांना पाठवायला. आमच्या घरात इतक्या कमी वेळात ठरलेली ही एकमेव गोष्ट.

मग भावाने ती फाईल काळ्या भागापासून परत लावली आणि आवाज वाढवला. आम्ही तिघं टीव्हीकडे तोंड करून बसलो, जणू काही दिसणारच आहे. आईने तोंड टीव्हीकडे केलंच नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. पुन्हा "हं, झालं". पुन्हा डोकं कापल्याचं दुःख. मग बोलणं थांबलं आणि नुसती खुडबूड सुरू झाली.

"काय चाललंय आता?" नवऱ्याने विचारलं.

"खुंटीवरचा टॉवेल काढतायत," आई म्हणाली. "तोंड पुसणार."

कुठेतरी झाकण वाजलं.

"माठ. पाणी घेतलं. पेला उपडा ठेवायची सवयच नव्हती, बघ आता मी ओरडते."

"पेला!" टीव्हीतली आई ओरडली. भाऊ फसकन हसला आणि लगेच डोळे पुसायला लागला. मीही पुसत होते. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं, आईला तसंही दिसत नव्हतं.

"आता?"

"आता चपला. नाही, जात नाहीयेत कुठं. दारात उभं राहून बघतायत पताका नीट आहेत का. आता आले आत. आता स्टोव्हकडं मी आहे, चहा गाळतेय." बांगड्या वाजल्या. "पातेल्याला फडकं नाही घेतलं मी, चटका बसणार." टीव्हीतून हाय हाय ऐकू आलं. "आता पाटावर बसले."

बशीत चहा ओतल्याचा आवाज आला. एक घोट. दुसरा. खाली रस्त्यावर त्या दिवशीचा ढोल कुठेतरी लांब वाजत होता. मग बराच वेळ काहीच आलं नाही. बोलणं नाही, भांडं नाही, बांगडी नाही. पडदा तसाच काळा. भावाला वाटलं फाईल अडकली, त्याने वाकून बघितलं, तर खालचे आकडे पुढे सरकत होते.

"आई," त्याने हळूच विचारलं, "आता काय करतायत?"

"काही नाही," आई म्हणाली. "माझ्याकडं बघतायत."